रैतूबाबाची दुपार

फार फार वर्षांपूर्वीची, या रानात मोटारीचं चाकसुद्धा फिरलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. साजाझरी गावात रैतू मडावी नावाचा गाडीवान होता. वाघ बघायला शहरातून हौशी पाहुणे यायचे आणि रैतू त्यांना बैलगाडीतून रानात न्यायचा. त्याच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाघांनाही ओळखीच्या होत्या, असं म्हणतात. घंटा वाजली की जनावर आपणहून बाजूला व्हायचं.

पण मग पाहुण्यांना वाघ दिसायचा कसा? ते कुरकुरायला लागले आणि रैतूला दुर्बुद्धी सुचली. त्यानं चक्क बैलांच्या घंटा काढून ठेवल्या! गाडी गुपचूप तळ्यावर गेली, तर समोर वाघीण बछड्यांसह पाणी पीत होती. पाहुणे खूश झाले. मग काय, गावातल्या सगळ्याच गाड्यांच्या घंटा उतरल्या. घरोघरी दोन वेळची चूल पेटली, हे खरंच. पण भर उन्हाळ्यात तळ्याभोवती गाड्याच गाड्या झाल्या आणि वाघिणीला पाण्यापर्यंत येता येईना. तहानेनं कासावीस होऊन ती गावातल्या गुरांच्या हौदावर आली आणि तिथं तिनं एक गाय मारली.

गाव खवळलं. शिकाऱ्याला बोलवायचं ठरलं. तेव्हा रैतू सगळ्यांसमोर उभा राहिला.

"तिले पाण्यापासून मीच तोडलं जी. मले एक दुपार द्या. नाही जमलं, तर बोलवा बंदूकवाल्याले."

दुसऱ्या दिवशी त्यानं बैलांना पुन्हा घंटा बांधल्या. बाकीच्या गाड्या दूर मोहाच्या झाडाखाली थांबवल्या. एकटाच घंटा वाजवत तळ्यापर्यंत गेला, गाडी परत गेली हे वाघिणीला कळावं म्हणून तसाच घंटा वाजवत मागे फिरला आणि कुणी पुढे जाऊ नये म्हणून वाटेत गाडी आडवी लावून बसला. भीती का वाटली नसेल? पण तो हलला नाही.

वाघीण आली. बछड्यांना घेऊन त्याच्या बैलांना घासून पुढे गेली, पण बैलांनी कानही हलवला नाही, असं म्हणतात. ती पीत राहिली आणि आटत आलेल्या तळ्याचं पाणी चढत गेलं, असंही म्हणतात. मोहाखालच्या पाहुण्यांनी हे सारं डोळे भरून पाहिलं. शिकाऱ्याला मग कुणी बोलावलं नाही. वाघीण पुन्हा गावात आली नाही, आणि पाहुणे मात्र येतच राहिले.

आजही साजाझरीची प्रत्येक जिप्सी त्या मोहाशी थांबते. चालक इंजिन बंद करतो आणि फांदीला टांगलेली घंटा वाजवतो. दुपारी तळ्यावर कुणी जात नाही. एखादा पाहुणा म्हणतोच, "अहो, जरा पुढे घ्या ना!"

चालक हसतो. "थांबा जी. रैतूबाबाची दुपार हाय. पयले तिले पिऊ द्या."