बोहारणीच्या लेकीनं उसवलेला अंगरखा

एका राज्यात राजा मेला की त्याला उघडाच जाळत आणि त्याच्या अंगावरचा अंगरखा पुढच्या राजाला चढवत. माप कोणी घेत नसे. तो अंगरखा कोणाच्या अंगाला येत नसे, माणसाचं अंगच अंगरख्याला येई.

ते कसं, ऐका. राज्याच्या मूळ पुरुषाला मरणाचं भारी भय. त्यानं एका मांत्रिकाला बोलावून सांगितलं, "माझ्यामागंही गादीवर मीच बसेन, असं काही कर." मांत्रिकानं स्वतःच्या केसांचा दोरा वळला आणि पांढऱ्याशुभ्र रेशमाचा अंगरखा शिवून दिला. राजा मेला, मुलगा गादीवर बसला. मुलगा होता बुटका. पहिल्याच रात्री त्याची हाडं कडाकडा वाजली आणि सकाळी तो बापाएवढा उंच होऊन उठला. वर्ष सरलं तेव्हा आवाज बापाचा, राग बापाचा आणि फाशीचे हुकूमही बापाचेच. मग नातू, मग पणतू. अंगरखा काळा पडत गेला. राजे असेच असतात, अशी लोकांची समजूत होऊन बसली.

या घराण्यात वेणू नावाची राणी आली. ती बोहारणीची लेक. आई दारोदार भांडी देऊन जुने कपडे घेई आणि मायलेकी घरी बसून त्यांचं काही ना काही करत. विटक्या धोतराची झबली, विरल्या लुगड्याच्या काठाची चोळी, आजोबाच्या सदऱ्यातून नातवाची दोन कुडती. शिवणीत माया भरपूर सोडावी, म्हणजे पुढं कोणी जाडजूड माणूस घालणारा निघाला तरी कपडा सैल करता येतो. आणि चिंधी म्हणून टाकू नये. हे वेणूच्या हाडीमाशी खिळलेलं.

युवराज चंद्रभान शिकारीत सदरा फाडून घेऊन त्यांच्या दारी आला, तेव्हा तिनं सदरा सांधला आणि न विचारता बाह्याही आखूड केल्या. चंद्रभान बुटका होता, डावखुरा होता, आणि हसायला लागला की कौलांवरची कबुतरं उडून जात.

"मी जन्मभर त्या दुमडूनच घेत आलो," तो म्हणाला आणि हसला. तिथंच लग्न ठरलं म्हणा ना.

त्यांची मंजुळा पाळण्यात असताना थोरला राजा वारला आणि अंगरखा चंद्रभानाच्या अंगावर चढला. त्या रात्री हाडं वाजली. वेणू कानांत बोटं घालून बसली. सकाळी उंच झालेल्या नवऱ्यानं पाण्याचा तांब्या उजव्या हातानं उचलला.

राजवाड्यासमोर हसू नये, असा मूळ पुरुषाचा कायदा होता. एकदा केरबा कुंभार कशानं कोण जाणे, वाड्यापुढं खदखदून हसला. चंद्रभानानं उजव्या हातानं हुकूम लिहिला आणि केरबाला फासावर दिलं. केरबाची बायको भिवरा तेव्हा पोटुशी होती.

असा अंगरखा अंगावर वागवून माणूस किती टिकणार? ताणलेलं कापड विरतं तसा चंद्रभान ऐन उमेदीत विरला आणि अंथरुणाला खिळला. एका सकाळी प्रधान म्हणाला, "महाराज संध्याकाळ पाहत नाहीत. राजकन्येला तयार ठेवा."

मंजुळेचे अजून दुधाचे दात पडायचे होते. तिची ती काडीसारखी हाडं वेणूच्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

खिडकीबाहेर उंबराची दोन पानं टाचून शिंपी पाखरानं घरटं केलं होतं. ते पाखरू बोलू लागलं. त्या राज्यात पाखरं बोलत. ऐकायला मात्र कोणाला सवड नसे.

"राणी, तीन कामं आहेत. राजात प्राण आहे तोवर अंगरखा त्याच्या अंगावरच उसव. प्राण गेला की शिवण कोणाला उसवता येणार नाही. मग तो काप. मग शिव, आणि एकेक तुकडा परक्या माणसाच्या अंगावर जाऊ दे. घरात चिंधी उरता कामा नये."

"उसवला तर हे वाचतील?"

"नाही. पण जातील ते स्वतःच्या मापाचे होऊन."

"आणि नाही उसवला तर?"

पाखरानं झोपलेल्या मंजुळेकडं पाहिलं.

वेणूनं दाराला अडसर घातला. त्या दोऱ्याला लोखंड लागेना, म्हणून बाभळीचा काटा घेतला आणि गळ्यापासून सुरुवात केली. टाक्याटाक्याला राजा किंचाळे. बाहेर प्रधान म्हणे, "आटोपलं वाटतं." मग राजाच्या तोंडून मूळ पुरुष बोलला, "बोहारणे, तुझे हात तोडीन." वेणू रडत होती आणि उसवत होती. एक शिवण सुटली की एक हाड आखडे. उन्हं कलली तेव्हा काखेतला शेवटचा टाका सुटला, आणि त्या भल्यामोठ्या पलंगावर एक लहानखुरा माणूस उरला.

"वेणू," तो म्हणाला, "बाह्या फार लांब झाल्यात ग."

"आखूड करते हं."

त्यानं पाणी मागितलं. तांब्या डाव्या हातानं घेतला. तिच्याकडं पाहून हसायला गेला, पण हसू आलं नाही. ते कुठं गेलं, त्यालाही कळेना. तांब्या रिकामा होण्याआधी त्याचा प्राण गेला.

प्रधानानं अंगरखा मागितला. वेणू म्हणाली, "मेल्या माणसाच्या अंगावरचा आहे. धुवून, वाळवून तेराव्याला देते." धुण्यात प्रधान कशाला डोकं घालतो! तो गेला आणि तिनं आईची कात्री काढली.

कापड कितीही काळवंडो, शिवणीत दुमडलेल्या भागाचा मूळ रंग टिकतो. अंगरख्याच्या शिवणीत रेशीम अजून पांढरं होतं, आणि तिथं एकेका राजाचं हरवलेलं काहीतरी दडून होतं. कोणाचं तोतरेपण, कोणाचं अंधाराला भिणं, कोणाची आवडती ओवी. डाव्या बाहीच्या शिवणीत वीतभर पट्टी निघाली. ती कानाशी धरली तर आत चंद्रभान हसत होता.

वेणूनं बाकी सगळ्याची टोपडी केली, झबली केली, चोळ्या केल्या. डोक्यावर पाटी घेऊन ती आईसारखीच दारोदार फिरली, आणि बदल्यात काही न घेता ज्यांची माणसं फासावर गेली त्यांच्या उघड्या पोरांना ते कपडे घालून आली. एका भिवराच्या दाराशी तेवढं तिला जाववलं नाही. त्या घरी कोणत्या तोंडानं जाणार?

आणि ती पट्टी? चिंधी उरता कामा नये, हे तिला पाठ होतं. पण नवऱ्याचं हसू कोणी चिंधीत धरतं का? तिनं पट्टी आपल्या तुकड्यांच्या गाठोड्यात खाली सरकवली. त्या रात्री मंजुळा तेच गाठोडं उशाला घेऊन निजली.

तेराव्याच्या सकाळी प्रधान आत आला आणि एकदम गुडघे टेकून म्हणाला, "महाराज!"

पट्टीची बाही झाली होती. काळीभोर, अखंड, आणि मंजुळेच्या उजव्या हातावर चढलेली. तो हात गुडघ्याखाली लोंबत होता. बाहीला खांदा फुटू लागला होता.

"बोहारणीला फासावर द्या," मंजुळा म्हणाली. दात दुधाचे, आवाज मूळ पुरुषाचा.

शिपाई धावले. वेणूनं लेकीचा हात गुडघ्याखाली दाबला आणि काटा चालवला. मंजुळा तिला कडकडून चावली. शिपायांनी तिचे केस धरून ओढले. तिनं काटा सोडला नाही. शेवटचा टाका तुटला.

"आई, दुखतंय," मंजुळा म्हणाली.

शिपायांचे हात आपोआप सुटले, कारण हुकूम देणारं कोणी उरलं नव्हतं. बाही आकसून पुन्हा वीतभर झाली होती, पण तिच्या कडेला काळे धागे फुटतच होते. वेणू ती मुठीत धरून अनवाणी पळत सुटली. एकच घर राहिलं होतं.

भिवरा अंगणात मूल मांडीवर घेऊन बसली होती. मूल उघडंच होतं.

"हे घे," वेणू म्हणाली. "याला बांध."

"राजाच्या अंगावरचं आहे?"

"हो."

"मग नको. माझा धनी हसला म्हणून मारला त्यानं."

"ठाऊक आहे. त्या हुकमाचा कागद मी पाहिला होता आणि गप्प बसले. यात माझ्या नवऱ्याचं हसू आहे, भिवरा. माझ्याकडं ठेवलं तर माझी पोर जाईल. तू टाकून दिलंस तरी जाईल. देण्यासारखं दुसरं काही नाही माझ्याजवळ."

भिवरा मुलाला थोपटत राहिली. काळे धागे वेणूच्या मनगटापर्यंत आले.

मग भिवरानं हात पुढं केला, पट्टी उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, "लंगोटापुरती आहे." तिनं ती तिथंच मुलाला बांधली. धागे गळून पडले.

मूल हसलं. इतक्या मोठ्यानं हसलं की शेजारच्या कौलांवरची कबुतरं उडाली. वेणू दाराची चौकट धरून उभी राहिली.

"हे याच्या बापाचं हसू नाही," भिवरा म्हणाली.

"नाही."

भिवरानं गाठीला हात लावला. मूल पुन्हा हसलं. तिनं गाठ सोडली नाही, पण वेणूला आत या असंही म्हटलं नाही.

पुढं मंजुळा गादीवर बसली ती आईच्या जुन्या लुगड्यातून बेतलेला सदरा घालून. माप आईनंच घेतलं. उजवा हात जन्माचा लांब राहिला, म्हणून एक बाही लांब, एक आखूड. हसण्याचा कायदा तिनं पहिल्याच दिवशी मोडला. तेव्हापासून त्या राज्यात गादीवर बसणाऱ्याचं आधी माप घेतात. आणि वेणू रोज सकाळी काही ना काही निमित्त काढून कुंभारवाड्यावरून जात असे, दाराशी न थांबता, कान देऊन.

गोष्ट इथं टाचली. उरलीसुरली चिंधी ज्यानं ऐकली, त्याची.