मागं चिमाबाई हाय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. सांगणाऱ्या प्रत्येकाने त्यात आपल्या आजोबांची वर्षं मिळवली आहेत. तेव्हा कडसरवाडीला गाडीरस्ता नव्हता, पण कडा होता आणि कड्यावरचं उलटं पाणीही होतं. श्रावणात तिथला ओढा खाली उडी घेतो आणि दरीतून येणारा वारा त्याला अर्ध्यावर धरून पुन्हा वर भिरकावतो. ते बघायला पेठेतली माणसं तेव्हाही यायची. दशम्या बांधून, नव्या जावयाला घेऊन यायची, आणि वर पोचल्यावर आधी भिजल्याबद्दल एकमेकांना बोल लावायची.

त्यांना वर न्यायचं काम खेवजीचं. तो सगळ्यांच्या पुढे ताडताड चालायचा. एका श्रावणात दाट धुकं उतरलं आणि वर पोचल्यावर एक म्हातारा कमी भरला. खेवजी त्याला शोधायला मागे फिरला. म्हातारा थोड्या वेळाने आपला आपण आला, वाटेत तंबाखू मळत बसला होता. खेवजी आला नाही. त्या कड्यावरून टाकलेलं पान वारा परत आणून देतो, टोपी परत देतो, पाणीसुद्धा परत देतो. खेवजीला त्याने परत दिलं नाही.

चिमाबाई ही खेवजीची बायको. पुढच्या श्रावणात ती वाटेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि माणसांना वर नेऊ लागली. पण ती पुढे चालेना, सगळ्यांच्या मागे चालायची. लोक हसले. वाटाड्या शेवटी चालतो हे कुणी पाहिलं नव्हतं. पुढे तिने आपल्या सुनेला, मंजुळाला घातलं आणि एक रीत लावली. मंजुळाने थांबून ओरडायचं, "मागं कोण?" तिच्या मागच्याने "मी हाय" म्हणायचं आणि तोच प्रश्न आपल्या मागच्याला विचारायचा. असं होत होत प्रश्न चिमाबाईपाशी यायचा. ती म्हणायची, "मी हाय. चला पुढं." मगच सगळ्यांनी पाय उचलायचे. आपल्या मागे कुणी राहू नये, एवढंच तिला हवं होतं. असं म्हणतात, की तिच्या काळात त्या वाटेवर पायताणसुद्धा हरवलं नाही. यात थोडी भर असणार, पायताणं हरवतातच.

मग एका श्रावणात पेठेतले तात्या कासार आपलं घरदार घेऊन आले. मुलगा रंगनाथ, त्याची नवी नवरी येसू, रंगनाथची आत्या. चिमाबाईने रीत सांगितली तेव्हा तात्यांनी मान हलवली.

"आमच्याकडे सुना मोठ्यांसमोर आवाज चढवत नाहीत," ते म्हणाले.

"जिचं तिनं सांगावं, तात्या. धुक्यात लाज कामाला येत न्हाई."

"मी सांगतो ना तिचं," रंगनाथ म्हणाला. "माझ्याच मागे तर चालणार आहे."

चिमाबाईला ते पटलं नाही. पण पाहुण्यांशी वाद किती घालायचा, म्हणून तिने रांग लावायला घेतली.

पुढे मंजुळा, मग तात्या, मग रंगनाथ, त्याच्या मागे येसू, आत्या आणि शेवटी चिमाबाई, अशी रांग निघाली. अर्ध्या वाटेवर धुक्याने सगळं गिळलं. मंजुळाने हाक दिली. रंगनाथ म्हणाला, "मी हाय, आणि तीपण हाय," आणि प्रश्न आत्याकडे गेला. आत्याला वाटलं, येसू पुढे असेल. चिमाबाई "मी हाय" म्हणाली आणि रांग चालू लागली.

कड्यावर धुकं क्षणभर फाटलं. रंगनाथने मागे वळून पाहिलं तर मागे आत्या उभी.

"येसू कुठाय?"

"तुझ्याजवळ नाही?"

तात्या माघारी वळू लागले. चिमाबाईने मागे धुक्यात पाहिलं. इतके श्रावण ती सगळ्यांच्या मागे चालली, आणि आज तिच्याही मागे कुणीतरी राहिलं होतं. "ह्यांना हलू देऊ नगंस," असं मंजुळाला सांगून ती एकटी माघारी वळली.

येसू सोनकीची पिवळी फुलं तोडायला वाटेबाहेर गेली होती. पायाखालचा दगड निसटला आणि ती कड्याच्या पोटातल्या एका खाचेत कारवीचं झुडूप धरून लोंबत होती. तेवढ्यात वरून चिमाबाईची हाक आली, "मागं कोण?" येसूला ती स्पष्ट ऐकू आली. तरी तिचं तोंड उघडेना. वर सासरे होते. जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, आणि तो कसा चढवायचा हेच तिला आठवेना. हाक पुन्हा आली, जवळून. कारवीचं मूळ सुटायला लागलं, तेव्हा येसू ओरडली.

"मी हाय!"

असं म्हणतात, की ती ओरड पेठेपर्यंत गेली. तात्यांना तर नक्कीच ऐकू गेली, आणि ते लहान पोरासारखे रडले.

पुढचं येसूनेच सांगितलं. धुक्यातून गोंदलेला एक हात खाली आला आणि त्याच वेळी खालून वाऱ्याने उचल घेतली. हाताने वर ओढलं की वाऱ्याने ढकललं, ते तिला कळलं नाही. ती वाटेवर आली. पाठीमागून आवाज आला, "चल पुढं. मागं बघू नगं." येसू चालू लागली. भीती वाटली की विचारायची, "मागं कोण?" आणि उत्तर यायचं, "मी हाय. चल पुढं." मंजुळापाशी पोचून तिने शेवटचं विचारलं. उत्तर आलं, ते मंजुळानेही ऐकलं. मग दोघी वळल्या. मागे कुणी नव्हतं.

पाऊस संपेपर्यंत वाडीने दरी धुंडाळली. असं म्हणतात, वाऱ्याने येसूला परत दिलं आणि चिमाबाईला ठेवून घेतलं. कुणी म्हणतं, तिथे खेवजी तिची वाट बघत होता. सांगणाऱ्यांना हा शेवट आवडतो.

त्यानंतर मंजुळा शेवटी चालू लागली, आणि आपल्या मागच्या रिकाम्या वाटेलाही विचारू लागली. तिथे कोण आहे विचारायला, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा ती एवढंच बोलली, "जबाब आल्याबिगर मी पाय उचलत न्हाई. आन् उचलतेच की."

आता गाडीरस्ता झाला आहे. रविवारी कड्याच्या पायथ्याशी मोटारी मावत नाहीत, कणसं आणि भजी मिळतात, फोटोंसाठी धक्काबुक्की होते. रीत मात्र तीच आहे. तिथे कुणी कुणाच्या वतीने उत्तर देत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात नव्या सुनांना मुद्दाम नेतात, आणि त्या घसा फोडून ओरडतात, सासरे निमूट ऐकतात. रांगेतला शेवटचा माणूस आपल्या मागच्या धुक्याला विचारतो, "मागं कोण?" पुढचे हसतात, पण थांबतात. तो जरा वेळ उभा राहतो. त्याने काय ऐकलं ते कुणी विचारत नाही. मग तो पाय उचलतो.