गेरूच्या माळावरचं एकतिसावं

या माळाला गेरूचा माळ म्हणतात. पण हवी तिथे कुदळ मारून बघा, चिमूटभर गेरू हाती लागायचा नाही. सगळा मुरूम, आणि त्यावर पवन्या गवत. तरी दिवाळीनंतर चराईचा लिलाव असतो त्या दिवशी समोरच्या उंचवट्यावर ताजा गेरू पसरतात, आणि तो पसरल्याशिवाय पहिली बोली कुणी बोलत नाही.

त्यामागची गोष्ट अशी सांगतात. फार जुन्या काळी हे गायरान एका मक्तेदाराने घेतलं होतं. माणूस चोख, पण काळजाने कोरडा. प्रत्येक तोंडामागे चराई घ्यायचा आणि भरली की जनावराच्या पाठीवर गेरूची खूण करायचा. बिनखुणेचं जनावर दिसलं की कुत्री सोडायचा. गावाने तेही सोसलं. मग एक दिवस त्याची नजर माळावरच्या काळविटांवर गेली. फुकट खाणारं एकही तोंड इथे राहणार नाही, अशी त्याने दवंडी पिटवली आणि वर पाच दिवसांची मुदत दिली. हरणांना मुदत देणारा शहाणा तेवढा एकच होऊन गेला.

केराबाई हटकर या धनगरणीची साठ मेंढरं तेव्हा माळावर चरत. आदल्या दुष्काळात ओढे आटले, तेव्हा हरणांच्या खुरांचा माग काढत ती कपारीतल्या झऱ्यापाशी पोचली होती. तिचा कळप त्या पाण्यावर जगला. दवंडी ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरचे म्हणाले, आपली चराई भरलेली आहे, तू कशाला मध्ये पडतेस? ती मात्र बाजाराच्या दिवशी तीस मेंढरं विकून आली. त्यात घुंगराची म्होरकी मेंढीही गेली, आणि तिच्यासाठी केराबाई वाटभर रडली म्हणे. मग डोळे पुसून थेट मक्तेदाराच्या राहुटीपुढे उभी राहिली.

“साठ तोंडांची चराई म्या भरलीया,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “तीस मेंढरं इकली. त्यांच्या जागी हरणं चरतील. जागा माझी हाय, कुणाला चारायचं ते मी ठरवीन.”

मक्तेदार हसला. जनावरं तुझी, तर त्यांच्या अंगावर खूण दाखव, म्हणाला. उद्या सकाळी गेरू दिसला नाही, तर कुत्री सुटतील.

त्याला वाटलं, बाई आता हरणांमागे पळून पळून दमेल. पण काळवीट रोज त्याच जागी लेंड्या टाकतो आणि कळप त्याच धुळीत बसतो, हे केराबाईला ठाऊक होतं. मक्तेदाराने माळ कधी चालून पाहिलाच नव्हता. दिवस मावळायच्या आत तिने पाटीभर गेरू त्या उंचवट्यावरच्या धुळीत कालवला आणि घरी जाऊन भाकरी थापल्या. कुणी म्हणतात, गेरू तिचा आणि हात बिरोबाचा.

सकाळी कळप उठला तो लालभडक पोटांनी. गावाने मोजला. मक्तेदाराने पुन्हा मोजला आणि त्याचा चेहरा उजळला. हरणं एकतीस होती. एक जास्त, म्हणत त्याने कुत्र्यांच्या साखळीला हात घातला.

केराबाई आपल्या कळपात शिरली. एक धष्टपुष्ट मेंढी उचलून तिने माळाच्या हद्दीबाहेर नेऊन सोडली आणि परत आली.

“आता मोजा,” ती म्हणाली.

मक्तेदाराने मोजलं नाही. पुढच्या वर्षी त्याने मक्ताही घेतला नाही.

आजही लिलावाच्या दिवशी त्या उंचवट्यावर गेरू पडतो, आणि तो हटकरांच्या घरातलीच बाई पसरते. त्या घराला साठ जनावरांचा हक्क आहे, पण मेंढवाड्यात एकोणतीसच्या वर मेंढरं कुणी पाहिलेली नाहीत. नवा साहेब आला की विचारतो, हक्क आहे तर मेंढरं वाढवत का नाही? घरातली म्हातारी माळाकडे हात करते.

“साठ भरल्यात की, साहेब. बाकीची तिकडं चरत्यात.”