नकाशात न बसलेलं पोर

सूर्य उगवून बरोबर दोन घटका झाल्या होत्या, तेव्हा सुरेखनगरच्या उद्योगपेठेच्या दारात येसू भडभुंजीण अडली.

"तू जा आत. पोर बाहेर," दारवान म्हणाला.

"बाहेर म्हणजे कुठं, दादा? चार महिन्यांचं आहे. अंगावर पितं अजून."

"ते मला नको विचारू. पाटी बघ. काम न करणाऱ्यास आत प्रवेश नाही. करतं का हे काही काम?"

येसूनं पोराकडं पाहिलं. पोरानं जांभई दिली.

हे नगर राजा प्रतापकेतूनं नवंकोरं वसवलं होतं, तेही आधी नकाशा काढून. नकाशा दरबारातल्या अच्युतपंतांचा. त्यांनी तीन पेठा आखल्या आणि त्यांना तीन रंग दिले. तांबड्या उद्योगपेठेत माल बनवायचा. पिवळ्या व्यापारपेठेत विकायचा. निळ्या निवासपेठेत राहायचं, जेवायचं, झोपायचं, पण आवाज करायचा नाही. नगर इतकं चोख की मडकं घडवायचं एका पेठेत, वाजवून घ्यायचं दुसऱ्या पेठेत आणि फुटलं तर रडायचं तिसऱ्या पेठेत, तेही हळू.

येसूचा नवरा गाडी घेऊन परमुलखात हरभरा आणायला गेला होता. घरी दुसरं माणूस नाही. चणे-फुटाण्यांची भट्टी एक दिवस जरी थंड राहिली तरी जागा दुसऱ्याला जाणार, असाही नियम होता. पोराला एकटं ठेवावं, तर भुकेनं रडून घसा कोरडा पडेल, मांजर येईल, पालथं पडलं तर सरळ कोण करणार? मनात एक ना दोन, शंभर गोष्टी. ती तशीच पोर खांद्यावर टाकून दरबारात गेली.

"नियमात काही खोट नाही, महाराज," अच्युतपंत म्हणाले. "मूल राहतं. सबब ते निवासपेठेतलं."

"राहतं, कबूल. पण रडतंही," येसू म्हणाली. "परवा रात्री रडलं म्हणून चौकीदार दार ठोठावून गेला. त्या ठोठावण्यानं आळीतली बाकीची पोरं उठली."

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. राजाला ते झोंबलं.

"माझ्या नगरात प्रत्येकाला जागा आहे!" तो म्हणाला. "सूर्य मावळायच्या आत या पोराची जागा तूच शोधून दाखव. एकही नियम मोडायचा नाही. सापडली, तर ती जागा त्याची आणि भट्टी तुझी. नाही सापडली, तर दोघंही वेशीबाहेर."

येसू आधी व्यापारपेठेत गेली. दारावरच्या मुनीमानं विचारलं, "पोर काय विकणार?"

"काही नाही."

"मग घेणार काय?"

"दूध."

"मोबदल्यात देणार काय?"

"देणार काय? आई आहे मी त्याची."

"मग नाही जमायचं, बाई. फुकट घेणाऱ्याला इथं उभं करत नाहीत."

निवासपेठेत तर तिनं पाऊल टाकायच्या आधीच चौकीदारानं ओठावर बोट ठेवलं. पोरानं त्याला बघून भोकाड पसरलं. झालं, तिथूनही परत.

ऊन चढलं. पोराच्या टाळूवर पदर धरून ती राजवाड्याच्या पायरीशी सावलीला बसली आणि त्याला पाजायला घेतलं. वरच्या खिडकीतून दरबाराचा आवाज येत होता. दोन प्रधान एकमेकांवर ओरडत होते. सेनापतींचं घोरणं मधूनमधून ऐकू येत होतं. सेवक फळांची ताटं घेऊन वर जात होते आणि रिकामी घेऊन खाली येत होते. येसू ऐकत राहिली. मग तिनं पोराचं तोंड पुसलं, गालाला काजळाची तीट लावली आणि उठली.

"सापडली का जागा?" पंतांनी विचारलं.

"सापडली की." तिनं पोराला थेट पंतांच्या बैठकीवर ठेवलं, जिथं नगराचा रेशमी नकाशा पसरलेला होता.

"अगं, अगं! हा दरबार आहे!"

"म्हणूनच, पंत. तुमच्याच नियमानं बघा. इथं काही बनत नाही, तेव्हा ही उद्योगपेठ नव्हे. इथं काही विकलं जात नाही, निदान उघड्यावर तरी नाही, तेव्हा ही व्यापारपेठही नव्हे. आणि निवासपेठ म्हणावी, तर सकाळपासून आरडाओरडा चाललाय आणि एकही चौकीदार फिरकला नाही. खायला बसल्या जागी येतं. दुपारी डोळा लागला तर कुणी उठवत नाही. माझं पोर याहून वेगळं काय करतं, सांगा."

सेनापती नेमके तेव्हाच दचकून जागे झाले. राजाच्या मिशा थरथरल्या. तो रागावला की काय, कुणाला कळेना.

तेवढ्यात पोरानं आपला दरबारी हक्क बजावला. ओल नकाशाभर पसरली. तांबडा पिवळ्यात गेला, पिवळा निळ्यात, आणि पंतांनी कपाळाला हात लावला.

राजा खाली वाकला. "पंत, उद्योगपेठ कुठं संपते हो?"

"आता... कुठंच नाही, महाराज."

राजा हसला तो असा हसला की पुन्हा पेंगलेले सेनापती दुसऱ्यांदा जागे झाले. "इतकी वर्षं दरबार भरतोय, पण नकाशात दुरुस्ती सुचवणारा दरबारी हा पहिलाच! येसूबाई, जागा दिली. पण हा रोज आला, तर माझं नगर उरेल का?"

"मग त्याला माझ्याजवळ राहू द्या, महाराज. भट्टीपासून लांब, सावलीत, झोळीत. तिथं नकाशे नसतात."

राजानं तिन्ही पेठांत पाळण्यांसाठी सावलीच्या पडव्या बांधायचा हुकूम दिला. राजवाड्याचे फुटाणे तेव्हापासून येसूच्याच भट्टीवरचे. पंतांना नवा नकाशा काढायला सांगितलं, मेणकापडावर.

दवंडी दोन पेठांत पिटली. निवासपेठेत मात्र ढोल वाजवायला अजून बंदी आहे, त्यामुळे तिथल्या बायकांना काही कळलेलं नाही. तेव्हा ज्यांच्या कानावर हे आलं, त्यांनी शेजारच्या बाळंतिणीला एवढं सांगावं, की पोराला घेऊन कामाला ये, दारवान आता अडवत नाही. फक्त दार ठोठावू नका. पोर आत्ताच कुठं झोपलं असेल.