दाराबाहेरची टोपली

शर्वाणी टिळेकरांचा कारखाना दवाखान्यांसाठी कॉम्प्युटर बनवायचा. एकदा सचिव दामलेसाहेबांनी त्यांना गुप्त बैठकीला बोलावलं आणि फर्मावलं, "प्रत्येक मशीनमध्ये आतली माहिती गुपचूप बघायला सरकारसाठी एक चोरवाट ठेवा. नाहीतर सरकारी दवाखान्यांची ऑर्डर विसरा."

"आणि पेशंटची गुपितं?"

"त्यासाठी कायदा आहे. शिवाय ती वाट आमच्याशिवाय सापडणार कुणाला?"

बाईंनी मान डोलावली. "साहेब, आत येताना शिपायाने माझा मोबाईल बाहेरच्या टोपलीत ठेवून घेतला. तुमचाही तिथेच दिसला."

"नियमच आहे तो. मोबाईलमध्ये कुणी कसली चोरवाट ठेवली असेल, काय भरवसा?"

"मग टोपली जरा मोठी मागवा, साहेब. दवाखान्यांतले सगळे कॉम्प्युटर त्यात मावले पाहिजेत."

साहेबांनी पेन काढून ऑर्डरमधली चोरवाटेची ओळ खोडली.