कासारणीने घेतलेला विचारण्याचा वसा

ऐका जिवतीबाई, आणि हाती अक्षता धरलेल्या बायांनो, तुम्हीही ऐका. आटपाट नगरात कासार आळी होती. तिथं भागूबाई कासारीण राही. कुणाला दिवस गेले, की हिरवा चुडा भरायला तीच जाई. चुडा भरता भरता सल्ला देई. पपई खाऊ नको, उन्हात फिरू नको, गोळ्या गिळू नको. बाया ऐकत.

तिची सून येसू. येसूला लहानपणापासून फेफरं येई. दिवसातून दोन वेळा गोळी घेई, म्हणून फेफऱ्याविना चार वर्षं सुखात गेली. मग येसूला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यातच सासूनं हौसेनं चुडा भरला. म्हणाली, "गोळी उष्ण. पोटातल्याला सोसायची नाही."

"आत्याबाई, डॉक्टरीणबाईंना विचारू का?"

"शंभर चुडे भरले मी. त्यांनी किती भरले?"

मग सासूनं गोळ्या फडक्यात बांधल्या, तांदळाच्या कणगीत पुरल्या. एक दिवस गेला, काही झालं नाही. दुसरा दिवस गेला, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी येसू विहिरीवर गेली. घागर उचलली, डोळे फिरले, काठावर कोसळली. चुडा फुटला. शेजारणीनं पदर धरला, म्हणून आत पडली नाही.

मग सासूनं गाडी जुंपली, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं, दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं.

"बाळाचे ठोके लागतायत. गोळी कुणाला विचारून सोडली?"

"मी सोडायला लावली. बाळाला बाधेल म्हणून."

"भीती खोटी नाही तुमची. काही गोळ्या बाधतात, ही त्यांतलीच. पण अचानक सोडली तर आईच पडते, मग बाळ कुठं राहणार? कमी धोक्याची दुसरी आहे, ती देते. खरं तर दिवस जाण्याआधीच यायचं होतं."

"बाई, चुकले. काही उतारा सांगा."

"उतारा नाही, वसा सांगते. गोळी घेण्याआधी विचारावं, सोडण्याआधी विचारावं, दुसरीची उरलेली घेण्याआधी तर विचारावंच. तुम्ही घरोघरी जाता. चुडा भरताना हेच सांगा."

"आणि माझा सल्ला?"

"पपईपुरता ठेवा."

मग भागूबाईनं वसा घेतला. कुंभारीण जावेची उरलेली गोळी घेत होती, तिला दवाखान्यात धाडलं. माळीण रक्तदाबाची गोळी सोडून बसली होती, तिला धाडलं. तेलीण आई व्हायचं म्हणत होती, तिला दिवस जाण्याआधीच धाडलं.

येसूचे नऊ महिने धाकधुकीत सरले. मुलगी झाली, धडधाकट झाली. बारशाला बाया जमल्या. एकीनं बाळाला चाटवायला मधाची वाटी काढली, बोट बुडवलं. भागूबाईनं तिचं मनगट धरलं.

"थांब गं. आधी विचारू दे."

बाया हसल्या. येसू सगळ्यांत मोठ्यानं हसली.

जिवती जशी येसूच्या लेकीला पावली, तशी तुम्हां-आम्हां लेकीबाळींना पावो. शंभर शंकांची ही कहाणी एका विचारण्यानं सुफळ संपूर्ण.