छोट्या कपाटातली जागा

फार वर्षांपूर्वी एका निजायच्या खोलीत छोटं कपाट होतं. त्यात कपडे इतके कोंबले होते, की दारच लागेना. "उद्या हे मोडून मोठं करून घेऊ," इंदुमतीबाई वैतागून म्हणाल्या. कपाट हादरलं.

तळाशी दबलेली घोंगडी म्हणाली, "बाळा, सगळ्यांना एकदा बाहेर सोड."

कपाटाने जीव एकवटून दारं सताड उघडली. कपडे धडाधड कोसळले. इंदुमतीबाई खाली बसल्या. रोजचे कपडे घड्या करून त्यांनी समोर लावले, घोंगडी वर ठेवली आणि न लागणारे कपडे देऊन टाकले.

तरी दोन फळ्या रिकाम्या राहिल्या! त्यांच्यावर ऊन पडलं होतं. कपाट थक्क होऊन बघत राहिलं.

"घोंगडीबाई, एवढी जागा आली कुठून?"

"ती इथंच होती. आपणच तिच्यावर बसलो होतो."